साचा, हात आणि हवा : लातूरच्या एका बीटलची तपासणी

लातूरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्यानं उन्हाळ्याच्या सुटीत १:२४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, फोक्सवॅगन बीटल जोडली. प्लास्टिकचं किट, बाहेरून मागवलेलं, कस्टम ड्युटी धरून चार हजारांच्या घरात गेलेलं. पैसे एकट्याचे नव्हते. चौघा मित्रांनी वर्गणी काढली होती आणि पहिलं किट चांगलं निघालं तर त्याच गाडीची आणखी तीन मागवायची, असं ठरलं होतं. गाडी पूर्ण झाल्यावर भाच्यानं वहीच्या पानावर निकाल लिहून काढला : दहापैकी तीन गुण, खाली सात तक्रारी, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘घेऊ नका’.

बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलेली ती गाडी आणि ते पान, दोन्ही एसटीनं संभाजीनगरला माझ्याकडे आलं. माझी नोकरी वाळूज एमआयडीसीत प्लास्टिकच्या साच्यांच्या देखभालीत गेली. साच्यातून निघालेला भाग कुठे खोटा आहे हे बघणं एवढंच काम पोटासाठी केलं, आणि किटं जोडणं हौसेसाठी. त्यामुळे त्याला वाटलं, मामा आपल्या निकालावर सही करणार.

“मामा, म्या तर सगळं सूचनेपरमाणंच केलो. किटच फालतू हाय.”

त्याच्या तक्रारी अशा. छत खरखरीत आहे. बॉनेटवर दुधाळ झाक आलीय. बॉनेट उजव्या बाजूनं बसत नाही. दारांच्या आणि झाकणांच्या रेषा उथळ आहेत, बुजल्यासारख्या दिसतात. पुढची काच आतून पांढुरकी झालीय. मागचं उजवं चाक टेबलाला टेकत नाही. डेकलभोवती (पाण्यात भिजवून गाडीवर बसवायची छापील चित्रं आणि अक्षरं) चंदेरी कडा आणि पांढरे ठिपके आहेत.

सातही तक्रारी खऱ्या होत्या. गाडी समोर ठेवली की एकूण एक दोष दिसत होता. भांडण एवढंच होतं की ते कुणाच्या खात्यावर टाकायचे. मी त्याला एकच प्रश्न प्रत्येक तक्रारीपुढे लिहायला लावला : हेच किट दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्या महिन्यात जोडलं असतं तरी हा दोष राहिला असता का? राहिला असता, तर तो साच्याचा. दुसऱ्या हातानं गेला असता, तर हाताचा. नोव्हेंबरात आलाच नसता, तर हवेचा.

हा फरक आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. किटबद्दल मत देणारे बरेच जण एकतर बॉक्स उघडून भागांचे फोटो काढतात आणि तिथंच निकाल देतात, नाहीतर पूर्ण झालेली गाडी बघून किटला नावं ठेवतात. प्लास्टिक मॉडेल करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयपीएमएस, १९६३ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली, तिच्या स्पर्धांत परीक्षक आधी जोडणी बघतात : सांधे भरलेत का, चारही चाकं टेकतात का, रंगात धूळ आहे का. तिथं परीक्षा हाताची असते. किटचं परीक्षण म्हणजे त्याच्या उलटं काम. हात वजा करून जे उरतं ते मोजायचं. भाच्यानं स्पर्धेची फूटपट्टी घेऊन किट मोजलं होतं.

पुरावा कुठून आणायचा

पूर्ण झालेली गाडी ही वाईट साक्षीदार असते. तिच्यावर सगळ्यांचेच ठसे असतात. सुदैवानं पोरानं उरलेले रनर फेकले नव्हते. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती चौकट म्हणजे रनर. लोक भाग कापले की ती कचऱ्यात टाकतात. माझ्या मते ती किटइतकीच महत्त्वाची, कारण त्याच प्लास्टिकचा, त्याच साच्यातला, रंग न लागलेला नमुना तोच. या किटमध्ये तर आणखी नशीब : मागच्या इंजिनाची दोन झाकणं दिली होती, एक साधं आणि एक हवेच्या फटींचं. भाच्यानं साधं वापरलं, दुसरं रनरवर तसंच राहिलं. न वापरलेला, न रंगवलेला, जाडीनं जोडीदाराएवढाच भाग हातात असणं म्हणजे निम्मी तपासणी झाली.

बॉक्स आणि सूचनापत्रही मागवलं. बॉक्स नवा कोरा, चकचकीत. पण चेसिस उलटी केली तर पोटाला उठावाच्या अक्षरात नव्वदच्या दशकातलं साल. ही या धंद्यातली जुनी रीत आहे. पोलादी साचा दशकानुदशकं चालतो, मधेच दुसऱ्या कंपनीकडे जातो, दर काही वर्षांनी नवं चित्र लावून नवा बॉक्स येतो. म्हणून किट किती नवं आहे हे बॉक्सला विचारू नये, चेसिसच्या पोटाला विचारावं. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका बॉक्सवरून कुणाची अब्रू काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, आणि हे प्रकरण कंपनीचं नाहीच.

हत्यारं साधी : व्हर्नियर, मायक्रोमीटर, फिलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पोलादी पानं), दहापट भिंग आणि काचेचा सपाट तुकडा.

छत आणि बॉनेट

छतावर बोट फिरवलं तर वॉटर पेपरसारखं लागत होतं. भाच्याचं म्हणणं, साच्याचा पृष्ठभागच खराब. ते पटण्यासारखं नव्हतं, कारण आतून, जिथे रंग नव्हता तिथे, प्लास्टिक गुळगुळीत होतं. पण आतली बाजू साच्याच्या वेगळ्या अंगाची, कोअरची, म्हणून तो पुरावा अर्धाच. पक्का पुरावा भिंगाखाली दिसला. खरखर फक्त आकाशाकडे तोंड केलेल्या भागांवर होती : छत, मडगार्डांचे माथे, बॉनेटचा वरचा फुगवटा. दारं आणि खिडक्यांखालची बाजू बऱ्यापैकी साफ. साच्याला गाडीची वरची बाजू कोणती हे कळत नाही. सांडणाऱ्या धुळीला कळतं.

मग विचारलं, रंग कुठे मारला? गच्चीवर. किती वाजता? “जेवल्यावर.” मे महिना, लातूर, पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. गाड्यांच्या टचअपचा स्प्रे कॅन, हात फूटभर लांब. त्या हवेत कॅनच्या तोंडातून निघालेला थेंब गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यातला थिनर उडून गेलेला असतो. पोहोचतो तो ओला रंग नव्हे, अर्धवट वाळलेली भुकटी. ती पसरत नाही, जिथे पडते तिथेच कण होऊन बसते, आणि वरून पडत असल्यामुळे आडव्या भागांवर जास्त बसते. डेंटिंग-पेंटिंगवाले याला ड्राय स्प्रे म्हणतात, आणि शहाणा पेंटर उन्हाळ्यात दुपारी गन हातात धरत नाही किंवा सावकाश उडणारा थिनर वापरतो. कॅनमध्ये थिनर बदलायची सोय नाही, त्यामुळे वेळ बदलणं एवढंच हातात राहतं. अंतर सहा-आठ इंचांवर आणलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. म्हणजे छत हवेचं आणि हाताचं, पण हवेचं जास्त.

बॉनेटची गोष्ट याच्या बरोबर उलटी, आणि मला या प्रकरणात सगळ्यात रस वाटला तो इथे. बॉनेट वेगळं रंगवलेलं होतं. गच्चीवर रंग खरखरीत येतोय हे बघून पोरानं बॉनेटवरचा शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घरात मारला होता. घरात म्हणजे कुठे? “हॉलमधी, कूलरपुढं. वारं होतं ना.”

आपल्या मराठवाड्यातल्या कूलरला वारं म्हणावं की पाऊस, हा प्रश्नच आहे. भिजलेल्या गवतातून ओढलेली हवा ती. बाहेर कितीही कोरडं असो, कूलरच्या तोंडासमोर हवा ओलीच. क्लिअर लॅकर मारला की त्यातला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड झालेल्या थरावर ओल्या हवेतलं पाणी उतरतं आणि थरात अडकतं. वाळल्यावर दुधाळ दिसतं. पावसाळ्यात कोकणातले लोक या त्रासाला वैतागलेले असतात. लातूरच्या मे महिन्यात तो घडवून आणायला कूलर लागतो. भिंगाखाली बॉनेटवर एक गवताची काडीही सापडली, क्लिअरमध्ये कायमची पुरलेली. साक्षीदार म्हणून ती ठेवून घेतली.

एकाच गाडीवर, एकाच दिवशी, फार कोरड्या हवेचा दोष आणि फार ओल्या हवेचा दोष. दोन्ही किटच्या खात्यावर लिहिलेले.

बुजलेल्या रेषा

ही तक्रार गंभीर होती, कारण दारांच्या रेषा उथळ असतील तर तो साच्याचाच दोष आणि तो दुरुस्त करायला प्रत्येक रेष पुन्हा कोरावी लागते. इथे रनरवरचं दुसरं झाकण कामी आलं. त्यावरच्या रेषा आणि फटी धारदार होत्या, तळापर्यंत स्वच्छ. म्हणजे निदान तेवढ्या भागात तरी साचा शाबूत.

मग दोन्ही झाकणांची जाडी मायक्रोमीटरनं घेतली. कोरं १.१२ मिलिमीटर. रंगवलेलं १.३१. एका बाजूला प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून ०.१९ मिलिमीटरचा थर. ऐकायला काहीच नाही. पण २४ नं गुणा : साडेचार मिलिमीटर. खऱ्या गाडीवर कारखान्यातला रंग सगळे थर धरून ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पोरानं बीटलला साडेचार मिलिमीटर जाडीचं पांघरूण घातलं होतं. रेषेची रुंदी कोऱ्या झाकणाशेजारी मोजली तर साधारण ०.३५. दोन्ही कडांवरून ०.१९ आत आलं की रेष मिटते. गणित तिथेच संपलं.

खरखर दिसली की वर आणखी एक कोट, तरी दिसली की आणखी एक, असं त्यानं केलं होतं. म्हणजे रेषा बुजल्या त्या हातानं, आणि हाताला तिथं ढकललं दुपारच्या हवेनं. दोष असे एकमेकांना जन्म देतात, म्हणून सात तक्रारी म्हणजे सात कारणं असं कधी धरू नये.

मागच्या डाव्या मडगार्डावर रंगाखाली बारीक जाळी पडलेली होती. ती त्याच्या यादीत नव्हती. तिथे प्रायमर घासताना खालचं प्लास्टिक उघडं पडलं असणार. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि गाड्यांच्या रंगातला तीव्र थिनर त्याला खातो. रनरच्या तुकड्यावर तसल्या थिनरचा थेंब टाकून त्याला दाखवला. नखानं ओरखडा उठेल इतकं प्लास्टिक मऊ झालं. प्रायमरचा थर हा रंग धरून ठेवण्यापुरता नसतो, तो प्लास्टिक आणि थिनर यांच्यामधली भिंत असतो. भिंतीला भोक पडलं की पुन्हा प्रायमर, मगच रंग.

बॉनेट का बसत नाही

सातांपैकी याच तक्रारीत किटचा हात सगळ्यात स्पष्ट होता, आणि इथेच मी आणि भाचा बराच वेळ भांडलो.

फिलर गेज घालून बघितलं : डावीकडे फट ०.३, उजवीकडे १.२ मिलिमीटर. बॉनेट उघडतं-मिटतं अशी रचना आहे, आत पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा दिसते. बीटलचं इंजिन मागे. बिजागरीचा उजवा कान बसतो त्या खाचेत भिंगातून पाहिलं तर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कडा झिजल्या की वितळलेलं प्लास्टिक त्या फटीत शिरतं आणि पापुद्रा बनून येतं. यालाच फ्लॅश म्हणतात. आमच्याकडे फ्लॅश आला की साचा दुरुस्तीला उतरवायचा, एवढा साधा नियम होता. जुन्या किटांत तो सर्रास असतो. या पापुद्र्यामुळे कान खाचेत पूर्ण उतरलाच नाही, बॉनेट तिरकं राहिलं, आणि ते तसंच चिकटवलं गेलं.

भाच्याचा मुद्दा : फ्लॅश साच्याचा, म्हणजे दोष किटचा. बरोबर. माझा मुद्दा : चिकटवण्याआधी बॉनेट एकदा नुसतं बसवून पाहिलं असतं तर पापुद्रा दिसला असता आणि कटरच्या पात्यानं दोन मिनिटांत निघाला असता. हेही बरोबर. मग गुण कुणाचे कापायचे?

शेवटी जे ठरलं ते मला आजही योग्य वाटतं. किटच्या दोषाचं वजन तो दिसण्यावरून ठरवू नये, तो काढायला काय लागतं यावरून ठरवावं. पात्यानं खरवडून जाणारा फ्लॅश ही नोंद करण्याची बाब आहे, गुण कापण्याची फारशी नाही. आकार चुकलेलं छत, गायब भाग, किंवा नवा भाग स्वतः घडवावा लागेल असं काही, तिथे सढळ हातानं कापावेत. त्याच नियमानं दारांच्या आतल्या बाजूला इजेक्टर पिनचे (भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे) गोल वण होते, तेही नोंदीपुरतेच. दार उघडत नाही, वण दिसत नाहीत, विषय संपला.

काच, चाक, डेकल

काचेचं कोडं लगेच सुटलं. ती इन्स्टंट ग्लूनं चिकटवली होती. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून शेजारच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बुरशी धरल्यागत बसते. काचांना पांढरा फेविकॉल पुरतो, वाळला की पारदर्शक होतो, आणि चुकलं तर पाण्यानं निघतो. तक्रार हाताची.

चाक. गाडी सपाट काचेवर ठेवली, मागच्या उजव्या चाकाखाली ०.८ चं पान सहज सरकलं. चेसिसला पीळ असेल असं आधी वाटलं, कारण साच्यातून गरम असतानाच काढलेले लांब भाग पीळ खातात. पण चेसिसच्या कडा काचेवर सपाट बसत होत्या. पीळ नव्हता. चूक मागच्या धुऱ्यांत होती. त्या काळातल्या बीटलला मागे स्विंग ॲक्सल असायचा, प्रत्येक बाजूची धुरी गिअरबॉक्सपाशी स्वतंत्र हलणारी, त्यामुळे चाकं वरखाली होताना तिरकी होतात. किटमध्येही दोन्ही धुऱ्या वेगवेगळ्या चिकटवायच्या आहेत. कोन धरून ठेवणारी खाच ढिली आहे, आणि सूचनापत्रात कोनाबद्दल अवाक्षर नाही. गोंद ओला असताना गाडी काचेवर उभी करून चारही चाकं टेकवून रात्रभर ठेवायची, हे करणाऱ्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं. तक्रार मुख्यतः हाताची. सूचनापत्राला मी थोडा दोष दिला, भाच्यानं जास्त.

डेकलच्या दोन वेगळ्या तक्रारी एकत्र लिहिल्या होत्या. चंदेरी कडा येतात त्या खरबरीत पृष्ठभागावर डेकल बसवल्यानं, खाली बारीक हवा अडकते. आधी चकचकीत थर, मग डेकल. पांढरे ठिपके मात्र पाण्याचे. त्यानं डेकल बोअरच्या पाण्यात भिजवले होते. आपल्याकडच्या बोअरचं पाणी कसं असतं ते गिझरची कॉइल सांगते. थेंब वाळला की क्षार मागे राहतो आणि काळ्या नंबरप्लेटवर तो चमकून दिसतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरावं. ॲसिड नव्हे, डिस्टिल्ड वॉटर. दुकानात दोन्हीच्या बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून लिहितोय.

जे त्याच्या पानावर नव्हतं

इथवर किट सुटल्यासारखं वाटत होतं. पण मग मोजमापाला बसलो.

बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,४०० मिलिमीटर. १:२४ मध्ये बरोबर १०० मिलिमीटर. इतकं सोयीचं माप क्वचित मिळतं, म्हणून या मापात बीटल तपासायला मला आवडते. (१:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच. अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या किटांत १:२५ जास्त दिसतं, तिथे हाच आकडा ९६ येतो. शेल्फवर दोन्ही शेजारी ठेवली की फरक डोळ्याला बोचतो.) व्हर्नियरवर ९९.६ आलं. पॉलिस्टायरीन साच्यात थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, साचा करणारा तेवढा मोठा करतो, थोडं इकडेतिकडे होतंच. ०.४ मिलिमीटर माफ. रुंदी १,५४० ला २४ नं भागून ६४.२ हवी, आली ६४. उत्तम.

उंची मात्र फसली. खरी दीड मीटर, म्हणजे ६२.५ मिलिमीटर. मॉडेल ६०.९. दीड मिलिमीटरहून जास्त. गाडी बसकी दिसतेय हे मला पहिल्या नजरेतच जाणवलं होतं, पण नजरेचं पानावर लिहिता येत नाही. शोध टायरपाशी लागला. बीटलच्या ५.६०-१५ मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६४ सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलवर २६.७ मिलिमीटर हवा. किटमधला रबरी टायर २४.६. त्रिज्येत मिलिमीटरभर कमी, आणि तेवढी गाडी खाली. उरलेला अर्धा मिलिमीटर मागच्या फाकलेल्या धुऱ्यांनी खाल्ला. हात कितीही चांगला असो, महिना कोणताही असो, हा टायर लहानच राहणार. हा खराखुरा साच्याचा दोष, आणि तो सात तक्रारींत नव्हता.

दुसरा त्याहून मजेशीर. बॉक्सवर लिहिलंय १५०० (म्हणजे दीड हजार सीसी इंजिनाचं मॉडेल), १९६८. पण पुढची मडगार्डं तिरक्या काचेच्या दिव्यांची आणि बंपर जुन्या घडणीचे. १९६८ च्या १५०० मॉडेलला दिवे उभे असतात आणि बंपर चौकोनी पट्टीचे. म्हणजे बॉक्सवरची गाडी एक आणि आतली दुसरी. ‘१५००’ चं डेकल बाजूला ठेवून खिडक्या, दिवे, बंपर, इंजिनाचं साधं झाकण असं सगळं पाहिलं तर आत जी गाडी आहे ती १९६६ ची १३०० म्हणून चांगली खपते. चित्र बदलताना कुणीतरी साल पुढे ढकललं असावं.

भाच्याला याचं फार वाईट वाटलं. मला नाही वाटलं. चुकीचं नाव लावलेली बरोबर गाडी ही बरोबर नाव लावलेल्या चुकीच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. नाव डेकलवर असतं आणि डेकल न लावणं फुकट आहे. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाची जुळणी होते, फोक्सवॅगनच्याच घरातली गाडी, त्यामुळे आमच्याकडे मॉडेलच्या सालावरून वाद घालणारे कमी नाहीत. त्यातला एक जण तरी हे दिवे बघून बोलणार, हेही खरं.

पुन्हा चाचणी

नुसतं सांगून पोरं ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये. आइस्क्रीमच्या कपासोबत येणारे प्लास्टिकचे चमचे घेतले, सगळ्यांना एकच प्रायमर. भाचा माझ्याकडून परत गेल्यावर त्यानं लातूरच्या त्याच गच्चीवर, त्याच कॅननं, एक चमचा दुपारी रंगवला आणि एक पहाटे ऊन यायच्या आत. क्लिअर कोट एकावर कूलरसमोर, एकावर कूलर बंद करून. फोटो आले. दुपारचा चमचा खरखरीत, कूलरचा दुधाळ, पहाटेचा आणि बंद कूलरचा चकचकीत. हात तोच होता.

मग दुरुस्ती. बॉनेटची दुधाळ झाक घालवायला कोरड्या सकाळी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा पुरला. थर क्षणभर सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं. हे मडगार्डावर करायचं नाही, तिथं प्लास्टिक आधीच जखमी होतं. छत १००० च्या आणि मग २००० च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासून रबिंग कंपाउंडनं उजळलं. पाणी तांब्याभर, त्यात साबणाचा थेंब. नळाखाली धरून घासायची कल्पना त्याला सुचलीच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात वाढलेल्या पोराला ती सुचणार नाही.

बुजलेल्या रेषा तशाच राहिल्या. रंग पूर्ण उतरवल्याशिवाय त्या मोकळ्या होणार नाहीत, आणि मडगार्डावरची जाळी बघता तो उतरवण्यात अर्थ नव्हता. ही गाडी ‘पहिली’ म्हणून ठेवायची, असं त्यानं ठरवलं.

नवं पान

दहापैकी एक आकडा लिहायचा नाही, एवढ्यावर आमचं एकमत झालं. आकडा हवाच तर साच्याला वेगळा आणि जोडणीला वेगळा. साच्याला त्यानं सात दिले, मी साडेसहा म्हटलं होतं. टायरचं त्याला फार वाटत नाही, मला वाटतं. जोडणीला स्वतःचे चार दिले, ते मला कमी वाटले, पण त्याच्या हाताचा हिशेब त्यानंच करावा. हवेच्या खात्यात आकडा नाही, दोन ओळी आहेत : मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत रंग सकाळी सातच्या आत, आणि कूलर बंद.

मित्रांनी तीनऐवजी दोन किटं मागवली. एकानं माघार घेतली, किटमुळे नाही, नोकरीसाठी पुण्याला गेला म्हणून. दोघांनी रंगकाम दिवाळीनंतर करायचं ठरवलंय, तोवर जोडणी. एक जण १३०० करणार आहे. दुसरा हट्टानं १५०० करणार आहे आणि त्यासाठी मडगार्डांना उभे दिवे स्वतः घडवणार म्हणतो, पुट्टी भरून. त्याला मी अडवलं नाही.

टायरचा प्रश्न सुटलेला नाही. दुसऱ्या किटचे टायर बसतात का ते बघतोय, पण रिंगचा व्यास जुळत नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या लेथवर रबर कापून बघायचं भाच्याच्या डोक्यात आहे. रबर लेथवर कापताना दबतं आणि माप हुकतं हे त्याला सांगितलंय. त्याच्या पानावर सध्या एवढंच आहे : ‘टायर २४.६, हवा २६.७. साच्याचा दोष. उपाय बाकी.’